यंत्रही बसतं परीक्षेला!

दोस्तहो, परीक्षा म्हटलं की पोटात गोळा येतो ना? मग आज जरा उलटा खेळ खेळू या. आज पेपर तुम्ही तपासायचा! टेबलामागच्या खुर्चीत तुम्ही, लाल पेन तुमच्या हातात, आणि परीक्षेला बसणार आहे एक यंत्र.

ही परीक्षा आहे पेटंटची. यंत्र पास झालं, तर ज्यांनी ते शोधलं त्यांना अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं त्यावर हक्क मिळेल. तेवढ्या काळात त्यांच्या परवानगीशिवाय भारतात कुणालाही ते बनवता किंवा विकता येणार नाही. नापास झालं, तर हा हक्क कायमचा हुकला. म्हणजे जबाबदारी मोठी आहे, बरं का! घाईने टिकमार्क करून चालायचं नाही.

आता उमेदवाराचं नाव ऐका: 'दाबाखाली ठेवलेल्या जैविक नमुन्याने विखुरलेला प्रकाश मोजणारं उपकरण'. दम लागला ना? पण पेपर तपासायचा तर परीक्षकाला विषय यायलाच हवा. तेव्हा हे नाव आपण तुकड्या-तुकड्यांनी सोडवू.

कवडशातली धूळ

दुपारी खिडकीच्या फटीतून घरात कवडसा येतो. त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. खरं तर धूळ खोलीभर असते, पण कवडशातल्या कणांवर प्रकाश पडतो, तो चहूकडे विखुरतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यांत शिरतो, म्हणून तेवढे कण दिसतात. शाळेच्या पुस्तकात याला 'प्रकाशाचे विकिरण' म्हणतात. आपण साधं 'विखुरणं' म्हणू.

करून पाहा: काचेच्या ग्लासात पाणी घ्या. खोलीत अंधार करून ग्लासाच्या एका बाजूने टॉर्च लावा. आता चमच्याने दुधाचे दोन-चार थेंब टाका आणि ढवळा. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर दिसेल. टॉर्चच्या समोरून, ग्लासातून आरपार आलेला प्रकाश पाहिला तर तो पिवळट-तांबूस दिसेल. (टॉर्च साधाच घ्यायचा. लेझरचा खेळ नको, डोळ्यांना इजा होते.)

असं का होतं? दुधातले बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. निळा बाजूला पांगला, की समोर उरतो तो पिवळा-तांबडा. आकाश निळं आणि मावळतीचा सूर्य लाल दिसतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे. जॉन टिंडल यांनी १८६९ च्या सुमारास असे प्रयोग केले आणि १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी त्याचं गणित मांडलं. आपले सर सी. व्ही. रामन १९२१ मध्ये बोटीने इंग्लंडहून परत येत होते. भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून त्यांना प्रश्न पडला, की हा रंग निव्वळ आकाशाचं प्रतिबिंब कसा असेल? पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरत असणार! तोच धागा पकडून ते २८ फेब्रुवारी १९२८ या दिवशी 'रामन परिणामा'पर्यंत पोचले. त्यासाठी १९३० चं नोबेल त्यांना मिळालं आणि २८ फेब्रुवारीला आपण 'राष्ट्रीय विज्ञान दिन' साजरा करतो.

जत्रेतला पहिलवान

आता पुढची गंमत. पाण्यातले बारीक कण कधीच स्वस्थ बसत नाहीत. रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली परागकणांतून निघालेले बारीक कण पाण्यात सारखे थरथरताना पाहिले. ते का थरथरतात, याचं गणित १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी मांडलं. पाण्याचे रेणू त्या कणांना सगळीकडून धक्के देत असतात!

जत्रेतल्या रेटारेटीत चिमुरडं पोर इकडून तिकडे ढकललं जातं, पण पहिलवान जागचा फारसा हलत नाही. कणांचंही तसंच. कण लहान असेल तर तो चपळ, मोठा असेल तर मंद. द्रव दाट असेल तर सगळेच मंदावतात आणि द्रव तापला की सगळे जोरात पळतात.

अशा थरथरत्या कणांवर लेझरचा झोत टाकला, तर विखुरलेला प्रकाशही लुकलुकतो. लुकलुक भरभर असेल तर कण लहान, सावकाश असेल तर मोठे. पहिला लेझर १९६० मध्ये तयार झाला आणि त्याच दशकात शास्त्रज्ञ या लुकलुकण्यावरून कणांचं माप काढू लागले. कणाला हात लावायला नको, पट्टी लावायला नको! दुधात केसीन नावाच्या प्रथिनाचे गोळे असतात. त्यातले बरेचसे १०० ते २०० नॅनोमीटर रुंदीचे. १०० नॅनोमीटरचे दहा हजार गोळे एका ओळीत मांडले, तेव्हा कुठे एक मिलिमीटर भरेल. असल्या बारीक गोळ्यांचंही माप ही लुकलुक सांगते.

न उकडता शिजलेलं अंडं

झाला प्रकाश. आता दाब. विहिरीत किंवा समुद्रात दर १० मीटर खोल गेलं, की हवेच्या नेहमीच्या दाबाएवढा आणखी एक दाब वाढतो. पॅसिफिक महासागरातली मारियाना गर्ता सुमारे ११ किलोमीटर खोल आहे. तिच्या तळाशी दाब हजारपटींहून जास्त असतो. आणि तिथेही जीव राहतात!

अशा दाबात जिवंत पेशींचं, प्रथिनांचं काय होत असेल? अमेरिकेतले पी. डब्ल्यू. ब्रिजमन हे अतिउच्च दाबाचे मोठे जाणकार. पुढे १९४६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांनी १९१४ मध्ये अंड्यातला पांढरा बलक घेऊन तो हवेच्या दाबाच्या काही हजार पट दाबाखाली ठेवला. सुमारे ७००० पट दाबाला बलक घट्ट झाला, जणू अंडं उकडलंय! चूल नाही, विस्तव नाही. त्याच्याही आधी, १८९९ मध्ये, अमेरिकेतल्याच बर्ट हाइट यांनी दाब देऊन दूध टिकवण्याचे प्रयोग केले होते. आज फळांचे काही रस तापवण्याऐवजी सुमारे ६००० पट दाब देऊन टिकवले जातात. त्यामुळे त्यांची चव ताजी राहते.

दुधाचंही एक नवल आहे. साय काढलेल्या दुधावर दोन-चार हजार पट दाब दिला, की केसीनचे गोळे फुटतात आणि पांढरंशुभ्र दूध अर्धवट पारदर्शक होतं. पण गोळे नेमके कधी फुटतात? एकदम की हळूहळू? दाब काढल्यावर पुन्हा जुळतात का? हे कळायला दाब चालू असतानाच आत डोकावायला हवं. आणि इथेच अडतं. एवढा दाब सोसायला जाडजूड पोलादी भांडं लागतं, आणि पोलादातून प्रकाश जात नाही. साध्या काचेची खिडकी बसवली तर ती फुटते. म्हणून कृत्रिम नीलमण्याची जाड, टणक खिडकी बसवतात. दाबाच्या भांड्याला खिडकी बसवण्याची एक चांगली युक्ती टी. सी. पोल्टर यांनी १९३२ मध्येच छापून प्रसिद्ध केली होती. हे नाव लक्षात ठेवा, पेपर तपासताना लागेल!

आता बसा खुर्चीत

खुर्चीत बसण्यापूर्वी एक गंमत सांगतो. ज्यांच्या सूत्रावर हे यंत्र कणांचं माप काढतं, ते आइन्स्टाइन स्वतः पेटंट परीक्षक होते! १९०२ ते १९०९ अशी सात वर्षं स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या पेटंट कार्यालयात त्यांनी इतरांच्या शोधांचे अर्ज तपासले. थरथरत्या कणांचं गणित त्यांनी मांडलं, ते ही नोकरी करत असतानाच.

समजा, एका कॉलेजातल्या बाई आणि त्यांचे दोन विद्यार्थी यांनी आपलं यंत्र बनवलंय आणि मुंबईच्या पेटंट कार्यालयात अर्ज केलाय. (भारतात अशी कार्यालयं चार: कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि चेन्नई.) अर्जासोबत यंत्राचं वर्णन आहे, आकृत्या आहेत. आणि सर्वांत महत्त्वाचे आहेत शेवटचे 'दावे', म्हणजे 'एवढं आमचं' असं आखलेलं कुंपण. शेताच्या बांधासारखंच समजा. बांध फार पुढे सरकवला तर शेजाऱ्याच्या जमिनीत शिरतो, फार आत घेतला तर आपलंच नुकसान. यांचे दावे तीन आहेत:

दावा १: नीलमण्याच्या खिडक्या असलेलं पोलादी भांडं, आत दाबाखालचा जैविक नमुना, एका खिडकीतून लेझर आत आणि दुसरीतून विखुरलेला प्रकाश मोजणारं साधन.

दावा २: तेच, पण नमुना वेगळ्या लवचिक पिशवीत. त्यामुळे दाब देणारा द्रव त्याच्यात मिसळत नाही.

दावा ३: तेच, पण पिशव्या दोन. एकीत नमुना आणि दुसरीत माहीत असलेल्या मापाचे काचेचे सूक्ष्म गोळे. एकच झोत आलटून पालटून दोन्हींवर पडतो आणि यंत्र दोन्ही लुकलुकी ताडून पाहतं.

चार प्रश्न

पहिला प्रश्न: हा पेटंटचा विषय आहे का? आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात कशाकशाला पेटंट मिळत नाही याची यादीच आहे. निसर्गनियमाला नाही, नुसत्या गणिताला नाही, रोग ओळखण्याच्या वा बरा करण्याच्या पद्धतीला नाही, पारंपरिक ज्ञानालाही नाही. म्हणजे 'कण थरथरतात' या नियमाला पेटंट मिळणार नाही. पण तो नियम वापरणाऱ्या यंत्राला मिळू शकतं. हा प्रश्न पास.

दुसरा प्रश्न: उपयोग आहे का? दूध, रस, औषधं, खोल समुद्रातले जीव, अशी कामंच कामं आहेत. पास.

तिसरा प्रश्न: नवं आहे का? इथे परीक्षकाची खरी कसोटी लागते. जगातलं कुठलंही जुनं पेटंट, लेख, पुस्तक, प्रबंध, अगदी वाटलेलं माहितीपत्रकसुद्धा त्याला धुंडाळावं लागतं. दाव्यातलं सगळंच्या सगळं अर्जाआधीच्या एकाच ठिकाणी सापडलं, तर तो दावा बाद. आपल्याला काय सापडतं? खिडकीची युक्ती १९३२ ची, लेझरचं लुकलुकणं १९६० च्या दशकापासून माहीत आणि दाबाखालच्या दुधावर प्रकाश टाकून केलेल्या मोजमापांचे लेखही छापलेले. दावा १ वर लाल फुली! वेगळ्या पिशवीची कल्पनाही समजा एका जुन्या लेखात तशीच्या तशी मिळाली. दावा २ वरही फुली!

पण थांबा, आणखी एक कागद हाती लागलाय. अर्जाच्या दोन महिने आधी याच मंडळींनी कॉलेजच्या प्रदर्शनात आपलं यंत्र मांडलं होतं आणि चार पानी माहितीपत्रक वाटलं होतं! तुम्ही म्हणाल, शोध त्यांचाच, मग बिघडलं कुठे? बिघडतं. अर्जाआधी स्वतःच जगाला सांगितलेली गोष्ट 'नवी' उरत नाही. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांसारख्या काही ठरावीक प्रसंगी १२ महिन्यांची सवलत असते, पण कॉलेजचं प्रदर्शन त्यात बसत नाही. तुमच्या काळजात धस्स झालं ना? पत्रक उघडून वाचा. पहिल्या दोन दाव्यांतलं सगळं त्यात आहे. काचेच्या गोळ्यांचा मात्र एक शब्द नाही! ती युक्ती पत्रकात घालायची एका विद्यार्थ्याला भारी हौस होती, पण बाई म्हणाल्या होत्या, "अर्ज होईपर्यंत तोंडाला कुलूप." त्या कुलपानेच दावा ३ वाचवला.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड: यात कल्पकता आहे का? नवं म्हणजे कल्पक असंच काही नाही. छत्रीला शिट्टी बांधली तर ती नवी होईल, पण त्यात डोकं कुठे लागलं? त्या विषयाच्या जाणकाराला जे सहज सुचेल, त्याला पेटंट नाही. म्हणून तुम्ही अहवालात हरकत घेता: "माहीत असलेल्या मापाचे गोळे टाकून द्रवाचा दाटपणा मोजणं ही जुनी रीत आहे. तुम्ही फक्त ती दाबाच्या भांड्यात नेली. यात विशेष काय?"

अर्जदारांना उत्तर द्यायला सहा महिने मिळतात. त्यांचं उत्तर येतं: "दाब वाढवला की दोन गोष्टी होतात. द्रवाचा दाटपणा बदलतो आणि द्रव तापतो. पाण्यात दर हजारपट दाबामागे साधारण दोन-तीन अंश. त्यामुळे कणांची थरथर बदलली, तर ती कण फुटल्यामुळे की द्रव बदलल्यामुळे, हे कळत नाही. गोळे आधी वेगळे मोजले तर तोवर तापमान बदललेलं असतं. ते नमुन्यात मिसळले तर प्रथिनं त्यांना चिकटतात. आम्ही दोघांना शेजारी ठेवून, एकाच दाबात, एकाच क्षणी मोजतो. काचेचे गोळे दाबाने जवळपास तसेच राहतात, म्हणून त्यांची थरथर बदलली तर दोष द्रवाचा, हे नक्की. सोबत आमची मोजमापं जोडली आहेत."

आता लाल पेन कुठे चालवाल? एक धोका सांगून ठेवतो. कोड्याचं उत्तर कळलं की, "ह्यात काय मोठं, मलाही आलं असतं," असं प्रत्येकाला वाटतं! परीक्षकाला हा मोह टाळावा लागतो. उत्तर माहीत नव्हतं, त्या दिवशी एखाद्या जाणकाराला हे सुचलं असतं का, असं त्याला स्वतःला विचारावं लागतं.

हळदीची लढाई

परीक्षकाची नजर चुकली तर काय होतं, याचा मोठा धडा आपल्या हळदीने दिलाय. खरचटलं की आजी त्यावर हळद दाबते. पण १९९५ मध्ये अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाने जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट चक्क देऊन टाकलं! ते होतं ५४०१५०४ क्रमांकाचं पेटंट. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्याला आव्हान दिलं. तेव्हा परिषदेचे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, गोव्याच्या माशेल गावचे आणि मुंबईत शिकून मोठे झालेले. 'आमच्या आजीला माहीत होतं' असं नुसतं सांगून भागणार नव्हतं, छापील पुरावा हवा होता. परिषदेने ३२ संदर्भ गोळा केले. त्यांत जुने ग्रंथ होते आणि १९५३ च्या भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. १९९७ मध्ये त्या पेटंटचे सगळे दावे रद्द झाले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभारायला सुरुवात झाली. आता अनेक देशांचे परीक्षक पेटंट देण्याआधी त्यात शोधून पाहू शकतात.

आता आपल्या यंत्राकडे या. दावा १ नजरचुकीने पास झाला असता, तर जुन्याच रीतीने दाबाखालचं दूध तपासणाऱ्या देशभरच्या प्रयोगशाळांना २० वर्षं परवानगी मागावी लागली असती. उलट दावा ३ मध्ये खरी कल्पकता असून तो तुम्ही नाकारलात, तर बाई आणि त्या दोघा विद्यार्थ्यांवर अन्याय. परीक्षकाला दोन्हीकडची काळजी वाहावी लागते.

अर्जाचा प्रवास

अर्ज केला की साधारणपणे १८ महिन्यांनी तो पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात छापला जातो. हे नियतकालिकही साप्ताहिकच आहे, दर शुक्रवारी निघतं! त्यानंतर पेटंट मिळेपर्यंत कुणीही, अगदी तुम्ही-आम्हीसुद्धा, पुराव्यासह विरोध नोंदवू शकतो. पण नुसता अर्ज करून परीक्षा होत नाही, "आमची परीक्षा घ्या" अशी वेगळी विनंती करावी लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. परीक्षक अहवाल लिहितो, अर्जदार उत्तर देतो, गरज पडली तर सुनावणी होते आणि शेवटचा निर्णय नियंत्रक देतात. तो मान्य नसेल तर उच्च न्यायालय आहेच.

पालकांनीही एक लक्षात ठेवावं. तुमच्या मुलामुलींनी खरोखर काही नवं बनवलं असेल, तर विज्ञान प्रदर्शनात मांडण्याआधी शिक्षकांशी बोला. यंत्र पूर्ण झालेलं नसलं तरी तात्पुरता अर्ज करता येतो. त्याने तारीख राखली जाते आणि पूर्ण वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून शुल्कात ८० टक्के सवलतही आहे.

हे माहीत आहे का?

भारतातला पेटंटचा पहिला अर्ज ३ मार्च १८५६ रोजी कोलकात्यात झाला. जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाच्या इंजिनिअरने तो केला होता. शोध कशाचा? पंखा ओढण्याच्या यंत्राचा! विजेचे पंखे नव्हते, तेव्हा छताला टांगलेला कापडी पंखा दोरीने ओढावा लागे.

मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेले शंकर आबाजी भिसे छपाईचे खिळे पाडणारं 'भिसोटाइप' यंत्र शोधून लंडन-न्यूयॉर्कपर्यंत गाजले. त्यांना 'भारताचे एडिसन' म्हणत.

तर परीक्षक महाशय, दावा १ आणि २ बाद झाले. दावा ३ चा निकाल तुमच्या हातात आहे. पास की नापास? आज रात्री जेवताना हा प्रश्न घरात सगळ्यांना विचारा. एकाने अर्जदार व्हायचं, एकाने परीक्षक आणि आजी-आजोबांनी नियंत्रक! मात्र एक अट: निकाल कुठलाही द्या, त्याचं कारण सांगता आलं पाहिजे. खऱ्या परीक्षकालाही ते लिहूनच द्यावं लागतं.